खाडीपलीकडचा खासदार

१९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात पोलादी पत्र्याच्या मतपेट्या घडत होत्या. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पेट्या या एका कारखान्यातून बाहेर पडल्या. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह डकवलेलं. पडद्याआड जायचं आणि हातातला कागद आपल्या माणसाच्या पेटीत सोडायचा. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही बैलजोडी ओळखता येत होती. त्यामुळे पेट्यांची गरज अफाट होती आणि ती भागवणारे हात उपनगरातले होते.

या हातांनी स्वतः कोणाला निवडून दिलं, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. उत्तर शोधताना एका हरवलेल्या मतदारसंघाचा माग लागला. १९५२ मध्ये त्याचं नाव ‘मुंबई उपनगर’ होतं, १९५७ मध्ये ‘मुंबई शहर उत्तर’ आणि बोलण्यात नुसतंच ‘उत्तर मुंबई’. १९६७ मध्ये तो फुटला. उत्तर मुंबई या नावाचा मतदारसंघ आजही आहे, पण तो दहिसर-बोरिवलीच्या टोकाचा. माहीम आणि शीवच्या खाडीपलीकडच्या सगळ्या वस्तीला मिळून एकच खासदार असलेला तो मतदारसंघ आता नाही. त्याच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक कृष्ण मेनन यांच्याभोवती फिरतं. मला वाटतं, हा इतिहास मेनन यांचा कमी आणि उपनगराचा जास्त आहे.

आधी जागा समजून घ्यायला हवी. साष्टी बेटाचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून काढून १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला, मुख्यालय वांद्रे. पुढे तो जिल्हाही मोडला आणि १९९० मध्ये पुन्हा झाला. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, फेब्रुवारी १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. म्हणजे पहिली निवडणूक झाली तेव्हा दहिसर-बोरिवली महापालिकेत नव्हतं आणि दुसरी झाली तेव्हा जेमतेम महिनाभरापूर्वी आलेलं होतं. उपनगर ही त्या काळात पक्की वस्तू नव्हतीच. भातखाचरं, मिठागरं, कोळीवाडे, ईस्ट इंडियनांची गावठाणं, पार्ल्याची टिळकभक्त मध्यमवर्गीय वस्ती, घाटकोपरचे गुजराती व्यापारी, मुलुंड-चेंबूरला फाळणीनंतर आलेले सिंधी, कुर्ल्याचे गिरणी कामगार, वांद्र्याचे सिनेमावाले अशी सगळी माणसं लोकलच्या दोन मार्गांवर पसरलेली होती. एकाच मतदारसंघात असूनही पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या लोकांचा एकमेकांशी संबंध यायचा तो दादरच्या पुलावर.

१९५२ मध्ये मुंबईला चार खासदार होते. दक्षिण मुंबईचे स. का. पाटील, उत्तर मुंबई शहर या द्विसदस्य मतदारसंघातले दोन, आणि चौथ्या, उपनगराच्या, जयश्री रायजी. त्या निवडणुकीतलं सगळं लक्ष शेजारच्या द्विसदस्य मतदारसंघाकडे गेलं, कारण तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. ते दुःख एवढं मोठं होतं की खाडीपलीकडे एक स्त्री लोकसभेवर गेली, ही गोष्ट झाकोळून गेली. रायजी गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या कार्यकर्त्या, स्त्रियांच्या संस्थांमध्ये रुळलेल्या. मुंबईच्या उपनगराने दिल्लीला पाठवलेला पहिला प्रतिनिधी ही बाई होती, हे आज उपनगरातही फारसं कोणाला ठाऊक नाही. ठाऊक असायला हवं.

१९५७ पासून उपनगराच्या नशिबी दुसराच खेळ आला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराच्या जखमा ओल्या होत्या आणि काँग्रेसचं नाव काढलं तरी लोक पेटून उठत होते. गिरणगावात कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी निवडून आले. अशा वेळी काँग्रेसने उपनगरात व्ही. के. कृष्ण मेनन यांना उभं केलं. ते मूळचे मलबारचे, राज्यसभेवर मद्रासमधून गेलेले, सारं उमेदीचं आयुष्य लंडनमध्ये घालवलेले. पण जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवसांत मिळून जवळजवळ आठ तास भाषण केलं होतं आणि ते काश्मीरचे वकील म्हणून घरोघरी पोहोचले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस उभे होते. ते मूळचे गोव्याचे, मुंबईत कामगारांमध्ये काम केलेले, पुढे रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्ष झालेले. मेनन यांना सुमारे १ लाख ७१ हजार मतं पडली, अल्वारिस यांना सुमारे १ लाख २४ हजार.

हा निकाल मला नेहमी थांबवतो. गिरणगाव एका बाजूला गेलं आणि त्याला लागून असलेलं उपनगर दुसऱ्या बाजूला. याचा अर्थ उपनगराला संयुक्त महाराष्ट्र नको होता, असा काढणं चूक ठरेल. सव्वा लाख मतं थोडी नाहीत. पण तिथली वस्ती अनेक भाषांची होती, मोठ्या संख्येने नुकतीच येऊन स्थिरावलेली होती, आणि बेटावरच्या चाळींमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची जी घट्ट वीण होती ती इथे अजून पडायची होती. बाहेरून आलेल्या मोठ्या माणसाला अशी जागा सोयीची असते. दिल्लीने हे ओळखलं. अल्वारिस पुढे गोव्यातून लोकसभेवर गेले. ज्या गोव्याने त्यांना निवडून दिलं, तो डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन.

गोवामुक्तीनंतर दोनच महिन्यांनी १९६२ ची निवडणूक आली आणि उत्तर मुंबई हा जगाच्या नजरेतला मतदारसंघ झाला. अमेरिकेच्या ‘टाइम’ने मेनन यांना मुखपृष्ठावर आणलं. समोर होते आचार्य जे. बी. कृपलानी, स्वातंत्र्य मिळालं त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष, १९५१ मध्ये पक्ष सोडलेले. आदल्या निवडणुकीत ते बिहारमधल्या सीतामढीहून निवडून आले होते. मेनन यांना पाडायचं म्हणून ती सुरक्षित जागा सोडून ते मुंबईला आले. प्रजा समाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते. प्रश्न होता चीनचा. सीमेवर चिनी चौक्या पुढे सरकत असताना संरक्षणमंत्री गप्प का, असं कृपलानी विचारत होते. नेहरूंनी मेनन यांची निवडणूक आपल्या प्रतिष्ठेची केली आणि ते स्वतः प्रचाराला उतरले. कम्युनिस्टांनीही मेनन यांना पाठिंबा दिला.

दिलीपकुमार नेहरूंच्या सांगण्यावरून मेनन यांच्या सभांना गेले, ही गोष्ट सिनेमाच्या झगमगाटाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला त्यात निराळं काही दिसतं. सिनेमा तेव्हा उपनगराचा स्थानिक धंदा होता. गोरेगावला फिल्मिस्तान, चेंबूरला आर. के., वांद्र्याला मेहबूब, मालाडला बॉम्बे टॉकीजच्या जुन्या इमारती. दिलीपकुमार स्वतः वांद्र्यात राहणारे. व्यासपीठावर चढलेला हा नट मतदारांचा शेजारी होता. साऱ्या प्रचारात स्थानिक म्हणावं असं जर कोणी असेल तर तो हा नट होता, कारण दोन्ही उमेदवारांपैकी एकही उपनगराचा नव्हता.

मेनन यांना २ लाख ९६ हजारांवर मतं मिळाली, कृपलानींना दीड लाखाच्या आसपास. जवळजवळ दुप्पट. फेब्रुवारीत हा जयजयकार झाला, ऑक्टोबरात चिनी सैन्य खाली उतरलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन मंत्रिमंडळाबाहेर होते. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य मराठी घरांत तेव्हापासून आहे. कृपलानी १९६३ मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले आणि त्याच वर्षी नेहरू सरकारविरुद्धचा पहिला अविश्वास ठराव त्यांनी मांडला. दोघांचंही राष्ट्रीय राजकारण पुढे चालू राहिलं. उपनगराचं काय झालं? ‘उत्तर मुंबईची लढाई’ म्हणून जे जे छापलं गेलं त्यात चीन आहे, नेहरू आहेत, डावे-उजवे आहेत. नळ, नाले, गाड्यांची गर्दी, झोपड्या यांचा मागमूस शोधावा लागतो. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आजच्या हद्दीतल्या उपनगरांची वस्ती ६ लाख ७० हजारांच्या आसपास होती ती १३ लाख ८० हजारांच्या घरात गेली. दुपटीने वाढलेल्या वस्तीचा एकुलता एक खासदार कोण, हे दिल्लीतल्या भांडणावर ठरत होतं. मला हे आजही लागतं.

१९६७ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली. मुंबईच्या जागा चारांवरून पाच झाल्या आणि जुनं उत्तर मुंबई दोन भागांत फुटलं. पश्चिम रेल्वेच्या बाजूला वायव्य, मध्य रेल्वेच्या बाजूला ईशान्य. रुळांनी जे आधीच केलं होतं त्यावर फेररचना आयोगाने शिक्का मारला.

मेनन यांना ईशान्य मुंबई हवी होती. मुंबई काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली, तिथे स. का. पाटलांचा शब्द चालत होता आणि कारण सांगितलं गेलं ते मेनन बाहेरचे असल्याचं. दहा वर्षं जे चाललं ते अचानक खुपू लागलं, कारण वारा बदलला होता. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती आणि दाक्षिणात्यांविरुद्धचा तिचा सूर टिपेला होता. मेनन काँग्रेसमधून बाहेर पडून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने उमेदवार दिला तो स. गो. बर्वे.

बर्वे यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. आयसीएस अधिकारी, पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त. जुलै १९६१ मध्ये पानशेतचं धरण फुटलं तेव्हा उद्ध्वस्त पुण्याला उभं करायला यशवंतरावांनी त्यांनाच पाठवलं. पुढे नोकरी सोडून राजकारणात आले, पुण्याच्या शिवाजीनगरमधून आमदार झाले, मंत्री झाले, नियोजन आयोगावर गेले. पण मुंबईच्या दृष्टीने त्यांचं महत्त्वाचं काम त्याआधीचं आहे. १९५८ मध्ये मुंबई राज्य सरकारने बृहन्मुंबईची गर्दी, वाहतूक आणि मोकळ्या जागा यांचा विचार करायला एक अभ्यासगट नेमला, त्याचे प्रमुख बर्वे होते. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा आणि पलीकडे नवी वस्ती वसवा, ही शिफारस त्या गटाची. नवी मुंबईच्या कल्पनेचा एक ठळक उगम तिथे आहे. उपनगराची वाढ कशाने होते आणि ती कुठे वळवायची, याचा नकाशा ज्याच्या डोक्यात होता असा माणूस उपनगराला खासदार म्हणून मिळत होता.

शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला तो ते मराठी म्हणून. मला वाटतं, बर्वे यांच्यासारख्या माणसाची ओळख मतदाराला अशी भाषेच्या वादातून व्हावी, हे त्या निवडणुकीचं मोठं नुकसान होतं. आणि मेनन यांच्यावर राग धरायला चीनचं युद्ध पुरेसं असताना ते केरळचे आहेत हे कारण पुढे केलं गेलं, तेही योग्य नव्हतं. बर्वे सुमारे १३ हजार मतांनी जिंकले. मार्च १९६७ मध्ये, निकाल लागून थोडेच दिवस झालेले असताना त्यांचं निधन झालं. पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांची बहीण तारा सप्रे यांना उभं केलं, मेनन पुन्हा लढले आणि पुन्हा हरले. नंतर ते बंगालमधल्या मिदनापूरहून आणि मग त्रिवेंद्रमहून निवडून गेले.

कुर्ल्यात स. गो. बर्वे मार्ग आहे. भाजीच्या हातगाड्या, रिक्षा आणि बस यांच्यातून वाट काढत मी त्या रस्त्याने अनेकदा गेलो आहे. पाटीवर नाव आहे, पण या नावाचा माणूस आपला खासदार होता आणि त्याला लोकसभेत बसायलाही मिळालं नाही, हे सांगणारं तिथे काही नाही.

पुढच्या दहा वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. वायव्य मुंबईतून १९७१ मध्ये हरि रामचंद्र गोखले निवडून आले, केंद्रात कायदामंत्री झाले, आणि आणीबाणीतले कायदे त्यांच्याच खात्यातून आले. उपनगराने त्याचा हिशेब १९७७ मध्ये चुकता केला. तोवर आणखी एक फेररचना होऊन मुंबईच्या जागा सहा झाल्या होत्या आणि त्यांतल्या तीन उपनगराच्या होत्या: उत्तर, वायव्य, ईशान्य. तिन्ही जनता पक्षाने जिंकल्या. वायव्येत राम जेठमलानींनी गोखल्यांना हरवलं. ईशान्येत सुब्रमण्यम स्वामी आले. दहा वर्षांपूर्वी याच भागात दाक्षिणात्य म्हणून मेनन यांच्याविरुद्ध रान पेटवलं होतं, तिथे एका तमिळ माणसाला लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि उत्तरेत मृणाल गोरे.

उपनगराच्या साऱ्या निवडणुकांत मला सर्वांत जवळची वाटते ती ही. मृणालताई गोरेगावच्या. त्यांचं राजकारण पाण्याच्या नळापासून सुरू झालं. पहाटे चारला उठून नळावर हंडे लावणाऱ्या बायकांना घेऊन त्या महापालिकेत धडकल्या, अधिकाऱ्यांना घेराव घातले आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेले मोर्चे याच बायकांचे. लाटणं हातात घेऊन रस्त्यावर येणं ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. स्वयंपाकघरातली वस्तू जाहीर सभेत आली आणि सरकारला तिची दखल घ्यावी लागली. आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, मग तुरुंगात. निवडून आल्या तेव्हा घोषणा झाली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. रायजी आणि सप्रे यांच्यानंतर पुन्हा एक स्त्री, आणि या वेळी उपनगराचीच, उपनगराच्याच प्रश्नावर उभी राहिलेली. मेनन विरुद्ध कृपलानी या लढाईने उपनगराला प्रसिद्धी दिली. मृणालताईंनी त्याला स्वतःचा आवाज दिला. माझ्या लेखी दुसरी गोष्ट कितीतरी मोठी आहे.

१९८० मध्ये देशभर इंदिरा गांधी परतल्या, तरी तिन्ही उपनगरी जागा जनता पक्षाकडेच राहिल्या. उत्तर मुंबईतून मात्र रवींद्र वर्मा निवडून आले. ते केरळचे, त्याआधी तिरुवल्ल्याहून आणि रांचीहून निवडून गेलेले. मेनन यांच्या जुन्या नावाच्या जागेवर पुन्हा एक मल्याळी खासदार बसला आणि त्या वेळी कोणी फारशी हरकत घेतली नाही. १९८४ पासूनची नावं वाचकांच्या आठवणीत आहेत. वायव्येला सुनील दत्त, ईशान्येला गुरुदास कामत आणि त्यांच्याशी आलटून-पालटून भाजपचे उमेदवार, उत्तरेला १९८९ पासून सलग पाच वेळा राम नाईक. नाईकांचा पाया पुन्हा स्थानिकच होता. १९६४ मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ उभा केला होता आणि लोकलच्या प्रवाशाचं दुखणं त्यांना पाठ होतं. २००४ मध्ये अभिनेता गोविंदाने त्यांचा पराभव केला.

पण व्यक्तींपेक्षा मोठा अन्याय या काळात आकड्यांमध्ये चालला होता. १९७१ च्या जनगणनेत बेटावर ३० लाख ७० हजार माणसं होती, उपनगरांत २९ लाख. म्हणून जागा ढोबळमानाने तीन-तीन, आणि ते रास्त होतं. मग ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची विभागणी १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांचं नुकसान होऊ नये, हा हेतू चांगला होता. पण राज्याराज्यांमधली वाटणी गोठवताना शहराच्या आतल्या सीमाही थिजल्या. १९८१ मध्ये उपनगरं ४९ लाख ६० हजारांवर गेली, बेट ३२ लाख ९० हजारांवर अडलं. २००१ मध्ये उपनगरं ८६ लाख ४० हजार, बेट ३३ लाख ४० हजार. आणि खासदार? तेच सहा. कुर्ल्यासारखा काही भाग उत्तर-मध्यला जोडलेला होता, उलट उत्तर मुंबईला वसई-पालघरही चिकटवलेलं होतं. त्यामुळे कडा पुसट होत्या. पण दक्षिण मुंबईतल्या एका मताचं वजन वाढत वाढत भांडुप-मालाडच्या मताच्या दुपटीहून जास्त झालं, आणि ही विषमता जवळजवळ तीस वर्षं चालली. या तीस वर्षांत गिरण्या बंद पडल्या, गिरणगावातली कुटुंबं खाडी ओलांडून डोंबिवलीकडे आणि विरारकडे सरकली, झोपडपट्ट्या देवनारच्या कचराभूमीच्या कडेपर्यंत पोहोचल्या. नेमक्या त्याच काळात उपनगराचं मत सगळ्यांत हलकं होतं. पाणी आणि रेल्वे यांच्या वाटपात याचे परिणाम झाले नसतील, हे मला पटत नाही.

२००८ ची फेररचना म्हणून मोलाची. देशातल्या राज्यांच्या जागा तशाच राहिल्या, पण आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेप्रमाणे नव्याने आखल्या गेल्या. उत्तर-मध्य पूर्णपणे उपनगरात आलं: वांद्र्याचे दोन्ही भाग, कलिना, कुर्ला, चांदिवली, विलेपार्ले. चेंबूर आणि अणुशक्तीनगर दक्षिण-मध्यला गेले. विधानसभेच्या ३६ जागांपैकी २६ उपनगर जिल्ह्याच्या झाल्या. १९५२ मध्ये चारांपैकी एक खासदार खाडीपलीकडचा होता. आज सहापैकी चार पूर्णपणे तिथले आहेत आणि पाचवा अंशतः. २०२४ मध्ये जुन्या मतदारसंघाचा पश्चिमेकडचा तुकडा असलेल्या वायव्य मुंबईत निकाल ४८ मतांवर लागला. जिथे मेनन दीड लाखाच्या आसपास मताधिक्याने जिंकले होते, तिथे आता एका इमारतीतली मतं खासदार ठरवू शकतात.

पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. उत्तर आणि दक्षिण भारताच्या जागांवरून तिची मोठी चर्चा चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. उपनगरातल्या माणसाने मात्र त्यात आणखी एक गोष्ट लावून धरायला हवी: राज्यांमधला तोल काहीही ठरो, शहराच्या आतल्या सीमा दर जनगणनेनंतर नव्याने आखल्या जाव्यात. तीस वर्षं गोठून राहणं पुन्हा परवडणार नाही.

कारण वस्ती थांबलेली नाही. बर्वे गटाने सुचवलेला खाडीपूल १९७३ मध्ये वाशीला सुरू झाला. चेंबूर, घाटकोपर, कुर्ल्यातली हजारो कुटुंबं त्या पुलावरून पलीकडे राहायला गेली. सकाळी ती हार्बरच्या गाडीने कामाला मुंबईत येतात, रात्री परत जातात. त्यांचं मत आता ठाणे लोकसभा मतदारसंघात मोजलं जातं, ऐरोली आणि बेलापूरच्या मतदान केंद्रांवर. खाडी दुसरी आहे.